एसएटीचं इंग्रजी: शब्दांचा गठ्ठा बाजूला ठेवल्यावर

एसएटी, म्हणजे अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या प्रवेशासाठीची परीक्षा, देतेय म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: शब्द किती पाठ झाले? मला तो माझ्या आतेभावाने विचारला. त्याने ही परीक्षा दिली ती कागदी जमान्यात. पेन्सिलीने गोल काळे करायचे, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जायचा, आणि गाळलेल्या जागी भरायला असे शब्द यायचे, जे त्याआधी कधी कानावर पडलेले नसायचे आणि त्यानंतरही फारसे पडले नाहीत. त्याच्याकडे अजून त्या शब्दांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, रबरबँड लावून जपलेला. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ.

"घे, हे पाठ कर. वाचन आपोआप होतं," तो म्हणाला.

मी इमानेइतबारे सुरुवात केली. दहावीपर्यंत माझं शिक्षण मराठी माध्यमात झालेलं, अकरावीपासून विज्ञान. गणिताची घरात कोणालाच काळजी नव्हती, सगळ्यांचा जीव इंग्रजीत अडकला होता. पाठांतराची सवय होती, त्यामुळे गठ्ठा भराभर खाली येत होता आणि मला वाटत होतं, चाललंय की छान. मग परीक्षेच्या अधिकृत ॲपमधली सराव परीक्षा उघडली, आणि त्या चिठ्ठ्यांतला जवळजवळ एकही शब्द तिथे भेटला नाही.

"दादा, तू दिलीस ती परीक्षा आता राहिलीच नाहीये," मी फोनवर सांगितलं.

"काय सांगतेस! मग आता विचारतात तरी काय?"

आता काय विचारतात हे त्याला नीट सांगता येईपर्यंत माझी बरीचशी तयारी झालेली होती.

आधी थोडी पार्श्वभूमी. एसएटी पहिल्यांदा झाली 1926 साली. नावातल्या 'ए'चा अर्थ तेव्हा 'ॲप्टिट्यूड' होता, म्हणजे उपजत कुवत. शिकवून येत नाही ते आम्ही मोजतो, असा तो दावा. पुढे नाव बदललं, आणि आता त्या तीन अक्षरांचं कुठलंच लांब रूप उरलेलं नाही. परीक्षाही बदलत गेली. 'हात जसा मोज्याला तसं डोकं कशाला' छापाच्या शब्दजोड्या 2005 मध्ये गेल्या. गाळलेल्या जागांचे ते अवघड शब्द आणि चुकीला पाव गुणाचा दंड 2016 मध्ये गेला. निबंध 2021 मध्ये बंद झाला, अमेरिकेतली काही राज्यं शाळेतच घेतात ती परीक्षा सोडून. परदेशातल्या केंद्रांवर मार्च 2023 पासून आणि खुद्द अमेरिकेत मार्च 2024 पासून सगळा कारभार लॅपटॉपवर आला. जुनी पुस्तकं वारशाने मिळाली असतील तर ती कोणत्या सालची आहेत ते आधी बघा. आमच्या ओळखीतल्या एका क्लासने तर छान नवं मुखपृष्ठ घालून जुनेच लांबलचक उतारे विकायला ठेवले होते.

जुन्या परीक्षेत पाचशे-साडेसातशे शब्दांचा उतारा आणि त्यावर दहा-अकरा प्रश्न असायचे. आता उतारा 25 ते 150 शब्दांचा आणि त्यावर प्रश्न एकच. ऐकायला हे सोपं वाटतं. पण लांब उताऱ्यात एकदा का माणूस रुळला की पुढचे प्रश्न त्याच ओघात सुटतात. इथे दर मिनिटाला जग बदलतं. आत्ता समुद्रतळाचे किडे, लगेच एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीतली एक चिडलेली मावशी, त्यानंतर मातीच्या भांड्यांवरची नक्षी, मग चार ओळींची कविता. दर वेळी नव्याने आत शिरायचं आणि बाहेर पडायचं. मला सुरुवातीला थकवा आला तो याचा. शब्द अडले म्हणून नव्हे.

वाचन आणि लेखन हा एकच विभाग आहे: 54 प्रश्न, 64 मिनिटं. त्याचे दोन भाग, प्रत्येकी 27 प्रश्न आणि 32 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला साधारण सत्तर सेकंद. पहिला भाग सगळ्यांना सोप्या-कठीण प्रश्नांच्या मिश्रणाचा मिळतो. तो कसा गेला त्यावर दुसरा भाग कठीण द्यायचा की सोपा हे ॲप ठरवतं. शिवाय प्रत्येक भागात दोन प्रश्न असे असतात की त्यांचे गुण धरलेच जात नाहीत, ते पुढच्या परीक्षांसाठी तपासले जात असतात. ते कोणते हे कळायला मार्ग नाही. त्यामुळे एखादा प्रश्न अगदीच अंगावर आला की 'हा त्या दोनांतलाच असणार' असं म्हणून पुढे सरकायची सोय आहे. मी ती सढळ हाताने वापरली.

प्रश्नांचा क्रमही ठरलेला असतो. आधी संदर्भावरून शब्द, मग उताऱ्याची रचना आणि हेतू, मग आशय, पुरावा, अनुमान, मग व्याकरण, आणि शेवटी वाक्यं जोडणारे शब्द आणि टिपणांवरून वाक्य. काही जण व्याकरणापासून सुरू करून मग मागे येतात, कारण तिथे वेळ कमी लागतो. मी तसं करून पाहिलं आणि सोडून दिलं. मागे जाऊन कविता वाचायची आहे हे डोक्यात राहिलं की स्वल्पविरामांवर लक्ष लागत नाही. प्रत्येकाने आपापलं बघावं.

शब्द अजूनही विचारतात, पण वेगळ्या रीतीने. चारही पर्याय बहुतेक वेळा ओळखीचे असतात. प्रश्न एवढाच की या वाक्यात, या जागी कोणता बसतो. आणि बसतो की नाही हे ठरवणारा पुरावा त्याच उताऱ्यात, बहुधा अपूर्णविरामानंतर किंवा पुढच्याच वाक्यात ठेवलेला असतो. मी करायचे ते असं: पर्यायांवर नजर जाऊ न देता मोकळ्या जागेत मनातल्या मनात साधा मराठी शब्द टाकायचा. 'कमी केलं', 'लपवलं', 'आधीच ओळखलं', असं काहीतरी. मग त्याच्या जवळ जाणारा पर्याय निवडायचा. पर्याय आधी वाचले की चारही बरे वाटायला लागतात.

आता अनुमानाचे प्रश्न. माझा सगळ्यात जास्त वेळ यांनी खाल्ला आणि सगळ्यात जास्त शिकवलंही यांनीच. नमुन्यादाखल मीच एक रचते.

समजा उतारा असा आहे. एका बेटावर फळं खाणारे पक्षी कमी झाले. त्याच काळात तिथल्या एका झाडाची नवी रोपं दिसेनाशी झाली. अभ्यासकांना वाटलं, पक्ष्याच्या पोटातून गेल्याशिवाय हे बी रुजत नसावं. त्यांनी काही बिया पक्ष्यांना खाऊ घालून मग पेरल्या, काही तशाच पेरल्या. दोन्ही सारख्याच प्रमाणात रुजल्या. मात्र मूळ झाडाच्या सावलीत आलेली रोपं, मग ती कोणत्याही गटातली असोत, तगली नाहीत. लांब आलेली तगली. यावरून असं दिसतं की या झाडाच्या दृष्टीने पक्ष्यांचं महत्त्व म्हणजे...

पर्याय पहिला: बियांचं कठीण कवच मऊ करणं. दुसरा: फुलांचं परागीभवन करणं. तिसरा: बिया मूळ झाडापासून दूर नेणं. चौथा: बेटावरच्या सगळ्याच झाडांचं अस्तित्व टिकवणं.

असं शांतपणे वाचलं तर तिसरा, यात वाद नाही. पण घड्याळ चालू असताना पहिला पर्याय हात धरून ओढतो. का? तर पक्ष्याच्या पोटातून गेलं की काही बिया चांगल्या रुजतात, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. ते खरंही आहे. फक्त या उताऱ्यात ते नाही, उलट उताऱ्याने तेच खोडून काढलंय. परागीभवनही जगात खरं आहे, पण इथे त्याचा उल्लेखच नाही. चौथ्यात एका झाडाचे 'सगळीच झाडं' कधी झाली ते आपल्याला कळतसुद्धा नाही.

म्हणजे ही परीक्षा सारखी तपासत असते ते हे, की समोर जे लिहिलंय तेवढंच तुम्ही वाचताय की आपल्या पदरचं त्यात घालताय. हुशार मुलांना हे जास्त जड जातं असं माझं मत आहे, कारण त्यांच्या पदरी घालण्यासारखं बरंच असतं. बोर्डाच्या पेपरात उताऱ्याखाली शेवटी तुमचं मत काय असा प्रश्न असतो, आणि तिथे पदरचं घातलं तर गुण मिळतात. दहा-बारा वर्षं ती सवय लागल्यावर इथे येऊन तोंड बंद ठेवायचं, हे काही लगेच जमत नाही.

तक्त्यांचे आणि आलेखांचे प्रश्न याच जातीचे. एक दावा दिलेला असतो, उदाहरणार्थ, नव्या खताचा फायदा फक्त रेताड जमिनीत झाला. खाली तक्ता. चार पर्यायांपैकी निदान दोन असे असतात की त्यांतले आकडे तक्त्याशी बिनचूक जुळतात. मी सुरुवातीला बोट ठेवून आकडे ताडायचे, जुळला की खूश. पण 'रेताड जमिनीत उत्पन्न वाढलं' एवढ्याने 'फक्त' सिद्ध होत नाही. दुसऱ्या जमिनीत वाढलं नाही, हेही त्याच पर्यायात यायला हवं. आकडा खरा आहे की नाही यापेक्षा तो या दाव्याच्या कामाचा आहे की नाही, हे बघायचं. हे एकदा लक्षात आल्यावर मी घरच्या गप्पांमध्येही लोकांना अडवायला लागले, आणि ते कोणाला फारसं आवडलं नाही.

कवितांना मात्र मी शेवटपर्यंत भ्यायले. जुन्या इंग्रजी कवितेत वाक्याचं क्रियापद कुठल्या ओळीत जाऊन बसेल याचा नेम नसतो. आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी त्यावर एक उपाय सांगितला. बाई आता निवृत्त आहेत, एसएटी त्यांनी पाहिलेलीही नाही. "ओळीच्या शेवटी थांबू नकोस गं, विरामचिन्हापाशी थांब. आणि कोण काय करतंय एवढंच आधी शोध." त्यांचं ऐकल्यापासून निदान कवितेत माणूस रडतोय की हसतोय हे तरी कळू लागलं. बहुतेक प्रश्नांना तेवढं पुरतं.

व्याकरणाची गोष्ट वेगळी. आपण शाळेत व्याकरण म्हणून जे करतो, म्हणजे 'टू' काढून वाक्य पुन्हा लिहा, 'नो सूनर... दॅन' वापरा, प्रयोग बदला, कोण काय म्हणालं ते अप्रत्यक्ष करून लिहा, त्यातलं इथे काहीही येत नाही. नियमाचं नाव कोणी विचारत नाही. इथले निम्मे-शिम्मे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात: वाक्य कुठे संपलं?

एक उदाहरण बघा. 'द लाइटहाउस हॅड स्टुड एम्प्टी फॉर डिकेड्स', मोकळी जागा, 'द व्हिलेजर्स स्टिल पेंटेड इट एव्हरी समर.' पर्यायांत शब्द जवळपास तेच: एकात स्वल्पविराम, एकात काहीच नाही, एकात अर्धविराम, एकात अर्धविराम आणि पुढे 'व्हाईल'. चारही पर्याय जुळ्या भावंडांसारखे समोर उभे. पहिल्यांदा असा प्रश्न पाहिला तेव्हा स्क्रीनवर धूळ आहे की स्वल्पविराम, हे बघायला मी नाक लावलं होतं.

मराठी डोक्याला यात स्वल्पविराम बरोबर वाटतो. 'दीपगृह कित्येक वर्षं ओसाड होतं, गावकरी तरीही दर उन्हाळ्यात ते रंगवायचे.' आपण असं बिनदिक्कत लिहितो आणि कोणाला खटकत नाही. क्रियापद शेवटी येत असल्याने वाक्य कुठे संपलं हे ते क्रियापदच सांगून टाकतं, चिन्ह असलं काय नि नसलं काय. मोडीत तर विरामचिन्हं नव्हतीच. ती मराठीत रूढ केली एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी. म्हणजे या चिन्हांशी आपली ओळख तशी नवीच. इंग्रजीत मात्र दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडणं हा एसएटीच्या लेखी गुन्हा आहे. तिथे पूर्णविराम हवा, अर्धविराम हवा किंवा स्वल्पविरामासोबत 'अँड', 'बट', 'सो' यांपैकी कोणीतरी हवं. आणि अर्धविराम दिला की दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य पाहिजे, म्हणून 'व्हाईल' असलेला पर्याय बाद. उत्तर: नुसता अर्धविराम.

मी केलं ते इतकंच. चिन्हाच्या डावीकडचा तुकडा बोटाने झाकायचा, उजवीकडचा एकटा वाचायचा. मग उलट. दोन्ही आपल्या पायावर उभे राहतात का ते बघायचं. हा उद्योग सवयीचा झाल्यावर अशा प्रश्नांना वीस-पंचवीस सेकंद पुरायला लागले, आणि वाचलेला वेळ अनुमानांकडे वळवता आला. अख्ख्या विभागात कष्टाच्या मानाने सगळ्यात जास्त गुण देणारी जागा हीच. वेळ कमी असेल तर मी आधी हेच करायला सांगेन.

त्याच्याच शेजारी कर्ता-क्रियापदाचा मेळ. 'द कलेक्शन ऑफ लेटर्स रिटन बाय द टू सिस्टर्स ड्युरिंग देअर ट्रॅव्हल्स' यापुढे 'इज' की 'आर'? कानाला 'ट्रॅव्हल्स आर' बरं वाटतं. पण कर्ता 'कलेक्शन' आहे, एकटाच, फार मागे राहिलेला. मराठीत ही पंचाईत सहसा होत नाही. 'दोघी बहिणींनी प्रवासात लिहिलेल्या पत्रांचा संग्रह' म्हणताना सगळी विशेषणं आधी संपतात आणि 'संग्रह' थेट क्रियापदाच्या शेजारी येऊन बसतो. इंग्रजीत ती सगळी वरात कर्त्याच्या मागून येते आणि क्रियापदाची वाट अडवते. मी कागदावर मधला भाग खोडून 'कलेक्शन इज' एवढंच उरवायचे. ॲपमध्ये मजकुरावर खूण करायची सोय आहे, पर्यायावर काट मारायची सोयही आहे. मला मात्र केंद्रावर मिळतो त्या कच्च्या कागदावर पेनानेच सुचायचं.

असंच लोंबकळणाऱ्या सुरुवातीचं. 'वॉकिंग थ्रू द रुइन्स, द कार्व्हिंग्ज अमेझ्ड अस.' भग्नावशेषांतून चालतंय कोण, तर व्याकरणाच्या हिशेबाने कोरीवकाम! आपण 'फिरताना' म्हणून कर्ता सोडून देतो आणि ऐकणारा समजून घेतो. इथे स्वल्पविरामानंतरचा पहिला माणूसच चाललेला असला पाहिजे.

जोडशब्दांच्या प्रश्नांना मी पर्याय झाकून आधी मराठीत विचारायचे: इथे 'पण' आहे, 'म्हणून' आहे, 'शिवाय' आहे की 'उदाहरणार्थ'? बस. 'हाऊएव्हर' आणि 'नेव्हरदलेस' दोन्ही पर्यायांत दिसले तर बहुधा दोन्ही बाद, कारण दोन उत्तरं बरोबर असू शकत नाहीत. टिपणांवरचे शेवटचे प्रश्न तर बऱ्याचदा टिपणं न वाचताच सुटतात. लेखकाला काय साधायचंय हे प्रश्नात स्पष्ट लिहिलेलं असतं, 'दोघांमधलं साम्य दाखवायचंय' वगैरे, आणि चारपैकी एकच पर्याय साम्य दाखवत असतो. इतक्या कडक परीक्षेत हे एवढं ढिलं कसं ठेवलंय, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मी मात्र तक्रार करणार नाही.

तयारीचं साहित्य बहुतेक फुकट आहे. ॲपमधल्या पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा फुकट, खान अकॅडमीवरचे धडे फुकट. क्लास लावावा की नाही यावर घरी बरीच चर्चा झाली, शेवटी लावला नाही. माझा खरा क्लास म्हणजे एक वही. सराव परीक्षेत उत्तर चुकलं की बरोबर उत्तर मी त्यात लिहायचे नाही. चुकीच्या पर्यायाने मला कशाने भुलवलं ते मराठीत एका ओळीत लिहायचे. 'जगात खरं, उताऱ्यात नाही.' 'अर्धा बरोबर.' 'जास्तच ठाम.' 'उलटा.' काही पानांनंतर लक्षात आलं की मला भुलवणारे पर्याय चार-पाच जातींचेच आहेत, आणि त्यांतही 'जास्तच ठाम' ही माझी खास कमजोरी. 'ऑल', 'ओन्ली', 'प्रूव्ह्ज' असे शब्द दिसले की माझा विश्वास लगेच बसतो. उताऱ्यात 'मे सजेस्ट' असेल तर उत्तरही तितकंच भित्रं असतं.

परीक्षेच्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, काही व्यवहाराच्या गोष्टी तेवढ्या सांगते. ॲपमध्ये परीक्षेची पूर्वतयारी काही दिवस आधी करून प्रवेशपत्र काढून ठेवावं लागतं. ओळखपत्र मूळ लागतं, झेरॉक्स चालत नाही. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून न्यावा, कारण प्रत्येकाला प्लग मिळेलच असं नाही. इंटरनेट सुरुवातीला आणि शेवटी उत्तरं पाठवताना लागतं, मध्ये गेलं तरी पेपर थांबत नाही. माझ्या शेजारच्या मुलाचा लॅपटॉप मध्येच बंद पडला. बिचारा पांढराफटक झाला, पण पुन्हा सुरू केल्यावर होता तिथून पेपर पुढे चालू झाला. वरचं घड्याळ लपवता येतं. मी ते लपवलं, शेवटची पाच मिनिटं उरली की ते आपणहून पुन्हा समोर येतं.

दुसरा भाग सुरू झाला आणि पहिल्याच प्रश्नापासून मी अंदाज बांधायला लागले: हा कठीण वाला आहे की सोपा? ही सगळ्यांना लागणारी खोड आहे. सोपा मिळाला तर वरचे गुण हातातून जातात हे ठाऊक असल्याने प्रश्न पटकन सुटला की भीती वाटते, आणि सुटला नाही तरी वाटतेच. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला एका जुन्या कथेतला उतारा आला. त्यात एक बाई पाहुण्यांशी इतकी गोड बोलत होती की ती त्यांना घालवायला बघतेय हे उघड होतं. अशी गोड बोलणारी माणसं मी लग्नकार्यात पुष्कळ पाहिली आहेत. तो प्रश्न सोडवताना मजा आली, आणि अंदाज बांधणं आपोआप थांबलं. मधल्या दहा मिनिटांच्या सुट्टीत बाहेर सगळे 'तुला ते किड्यांचं आलं का' विचारत होते. प्रश्न सगळ्यांना सारखे नसतात, त्यामुळे त्या चर्चेतून काही निष्पन्न होत नाही. मग गणित. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

निकाल काही दिवसांनी आला. वाचन-लेखनात 800 पैकी 690. प्रत्येक प्रश्नाचा हिशेब मिळत नाही. चार क्षेत्रांच्या चार पट्ट्या दिसतात, कुठली किती भरली एवढंच. माझी व्याकरणाची पट्टी काठोकाठ होती, आशय-अनुमानाची थोडी रिकामी. त्याच केंद्रावरच्या एका मैत्रिणीचे उत्तरांचे अंदाज माझ्यासारखेच होते, पण गुण वेगळे आले. कोणते प्रश्न बरोबर आले यावर ते अवलंबून असतं, नुसत्या संख्येवर नाही. हे समजून घ्यायला ठीक आहे, पचवायला जरा वेळ लागतो.

या विभागाच्या नावात 'लेखन' आहे आणि आपण त्यात एक ओळही लिहीत नाही, ही गोष्ट मला अजून खटकते. निबंध गेल्यापासून तुम्हाला लिहिता येतं का हे ही परीक्षा विचारतच नाही. दुसऱ्याने लिहिलेल्या वाक्यात कुठे काय घालावं एवढंच विचारते. बोलता येतं का, ऐकून समजतं का, हेही नाही. म्हणून आपल्याकडच्या मुलांना टोफेल किंवा आयईएलटीएस वेगळी द्यावी लागते आणि पुन्हा पैसे भरावे लागतात. काय तपासतात आणि काय वगळतात यात सोयीचा वाटा मोठा असावा. स्वल्पविराम यंत्राला तपासता येतो.

सगळी विद्यापीठं ही परीक्षा मागतात असंही नाही. कोविडच्या काळात बहुतेकांनी सक्ती काढली होती. मग एमआयटीने 2022 मध्ये ती परत आणली. 2024 मध्ये डार्टमथ, येल, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक यांनी तसंच जाहीर केलं. उलट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखा प्रवेश देताना हे गुण बघतच नाहीत. काही ठिकाणी पाठवायचे की नाही ते तुमच्यावर सोडलंय. त्यामुळे आधी आपली यादी करावी, मग परीक्षेचं बघावं. माझ्या यादीत तिन्ही प्रकार होते. दोन ठिकाणी गुण पाठवले, जिथे ऐच्छिक होतं तिथेही पाठवले, कारण तिथे प्रवेश मिळणाऱ्यांच्या नेहमीच्या गुणांत ते बसत होते.

पुन्हा द्यावी का, असं घरी विचारलं. अनुमानाची पट्टी थोडी वर नेता आली असती, पण तेवढ्यासाठी आणखी काही महिने घालवण्यापेक्षा टोफेलचं बोलणं सुधारावं असं मी ठरवलं. तिथे मायक्रोफोनसमोर ठरलेल्या सेकंदांत बोलायचं असतं आणि मी पहिले काही सेकंद 'वेल' म्हणण्यातच घालवते. दादाने आता त्यासाठी 'उपयोगी वाक्यं' म्हणून नवी यादी पाठवली आहे. मी ती अजून उघडलेली नाही.